घोंगडीचं नाव

सात रस्त्याला माझं छोटं ऑफिस आहे. मालाच्या नावाची, म्हणजे ट्रेडमार्कची, नोंदणी करून देणं हा माझा धंदा. सरकारी काम अन् सहा महिने थांब, असं लोक म्हणतात. मी म्हणते, निम्मा उशीर आपणच घरून बांधून नेतो. आमच्याकडे चटणी असो की चादर, नाव कुलदैवताचंच. त्याच नावाचे ढीगभर अर्ज आधीच पडलेले असतात. मग हरकत येते आणि अर्ज बसतो लोळत.

सांगोल्याकडच्या एका धनगर घरातल्या सासू-सुनांचं असंच झालं होतं. सासू घोंगड्या विणायची. पुण्याचं एक दुकान त्या घ्यायला तयार होतं, पण यांच्या नावाची नोंदणी मार्गी लागली नाही तर घोंगडीवर दुकान स्वतःचं लेबल लावणार होतं. सून रडकुंडीला आली होती. मी म्हटलं, देवाचं नाव सोडा, नवा अर्ज करू. सासू म्हणाली, देवाला विचारल्याशिवाय न्हाय.

कौल फक्त रविवारी लावतात म्हणे. माझा पारा चढला. इथं आम्ही अर्ज लवकर निघावा म्हणून जिवाचा आटापिटा करायचा आणि यांची फाईल देवाच्या टेबलावर! तरी गेले रविवारी त्यांच्या वाडीवर. राग असला तरी उत्सुकता होतीच.

देवाला फूल चिकटवलं. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. नाव बदलू का, असं सासू विचारील अशी माझी अटकळ होती. तिनं हात जोडले आणि विचारलं, "देवा, तुजं नाव माज्या एकटीचं करून घिऊ का?"

फूल डावीकडं पडलं. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. ते नाव सगळ्या वाडीचं, ती म्हणाली, आपण कोण अडवणार. माझ्याकडच्या हरकतीच्या कागदात तरी दुसरं काय लिहिलं होतं?

मग नाव कुणाचं, यावर सून लगेच म्हणाली, "आत्याबाई, तुमचंच की."

सासूचं नाव जुन्या वळणाचं, शोधलं तर कुणीच घेतलेलं नव्हतं. या वेळी हरकत आली नाही. अर्ज इतका सरळ निघाला की मलाच नवल वाटलं. पहिलं लेबल घेऊन मी वाडीवर गेले. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी मोठ्यानं वाचलं. ती म्हणाली, पुन्हा वाच. वाचलं.

"नवरा गेल्यापास्नं कुणी ह्या नावानं हाक मारली न्हवती," ती म्हणाली.