हिकरी फोर्कचं इंजिन

अमेरिकेत मॉरिसव्हिलला मुलाजवळ राहायला आल्यावर देवदत्त कर्णिकांचा जीव काही रमेना. उभा जन्म वीजकेंद्रांतल्या बॉयलरांशी झुंजण्यात गेलेला. आता सकाळी तळ्याभोवती फेरी मारायची आणि मराठी मंडळातल्या लोकांशी गुडघ्यांविषयी बोलायचं, एवढ्यावर त्यांचं भागणार कसं? अशात कुणीतरी सांगितलं, पश्चिमेकडच्या डोंगरात एक जुनी वाफेची गाडी अजून धावते. सुलभाताईंना घेऊन ते बघायला गेले आणि तिथलेच झाले.

हिकरी फोर्क ही एकेकाळी डोंगरातलं लाकूड आणि तंबाखू खाली आणणारी छोटी लाइन. रस्ते झाले, ट्रक आले, आणि लाइन बुडाली. भंगारात निघालेलं एक इंजिन आणि चार मैलांचे रूळ गावकऱ्यांनी कसेबसे वाचवले. तेव्हापासून दर शनिवारी हौशी मंडळी लोकांना बसवून गाडी चालवत. त्यांचा म्होरक्या होता वेंडेल. त्याचा आजा आणि बाप दोघेही याच लाइनवरचे ड्रायव्हर.

वेंडेलने देवदत्तांना कोळसा मारायला शिकवलं. "डेव्ह, ढीग करू नकोस, पसरव. आगीला श्वास घेऊ दे," तो ओरडायचा. देवदत्त संध्याकाळी घरी परतायचे ते काजळलेल्या चेहऱ्याने. सुलभाताई दारातच म्हणायच्या, "आधी आंघोळ! आणि तो शर्ट माझ्या मशीनमध्ये टाकू नका." पण पुढच्या शनिवारी वेंडेलसाठी शंकरपाळ्यांचा डबा त्याच भरून द्यायच्या.

अशी सहा वर्षं गेली. मंडळी थकत चालली. कुणाचं हृदय बंद पडलं, कुणाला मुलांनी फ्लोरिडाला नेलं. नवीन कुणी येईना. तेवढ्यात बॉयलरच्या मोठ्या तपासणीचं वर्ष आलं. नियमच आहे तो. ठरावीक वर्षांनी बॉयलर आतून सगळा मोकळा करून पत्र्याची जाडी मोजायची. नळ्या उपसायलाच सबंध हिवाळा लागला. मग देवदत्त मोजायचं यंत्र घेऊन आत सरपटत गेले.

वरचा पत्रा ठणठणीत होता. तळाशी यंत्र टेकवलं आणि आकडा एकदम खाली आला. जागा बदलून पाहिलं, पत्रा घासून पाहिलं. तळ आतून गंजून इतका पातळ झाला होता, की ठिगळाचंही काम राहिलं नव्हतं. नवा बॉयलर बांधून घेण्याची तर ऐपतच नव्हती.

बाहेर आले तेव्हा वेंडेल शेडच्या दारात उभा होता. त्याने चेहऱ्यावरूनच ओळखलं.

"आत शिरणारा तू एकटाच आहेस, डेव्ह," तो हळू आवाजात म्हणाला. "तू जे सांगशील तेच आम्ही मानू. दोन उन्हाळे दे मला. फक्त दोन."

"वेंडेल, फुटला तर मागच्या डब्यात पोरं असतील."

"हळू चालवीन."

"वाफेला हळू कळत नाही रे," देवदत्त म्हणाले. तरुणपणी विदर्भातल्या एका वीजकेंद्रात फुटलेली नळी आणि तिच्यासमोर सापडलेला सोबती त्यांनी पाहिला होता. त्यांनी खरं तेच सांगितलं.

वेंडेल पाठ फिरवून निघून गेला. वसंतात मंडळींनी मतदान करून लाइन बंद केली. जमीन गोदामं बांधणाऱ्याने घेतली. कुठलंच म्युझियम इंजिन न्यायला तयार होईना, तेव्हा ते कापायला दिलं. बाकी कुणी फिरकलं नाही. देवदत्त मात्र गेले. गॅसच्या ज्योतीने तळाचा तुकडा निघाला तसा त्यांनी तो उचलून कड पाहिली. यंत्राने सांगितलं होतं त्याहूनही पातळ. आपण बरोबर होतो याचा रतीभर आनंद त्यांना झाला नाही. आपलं चुकलेलं निघावं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"बाबा, यू डिड द राइट थिंग. आता लेट गो करा ना," त्यांचा मुलगा ऋषी म्हणाला. देवदत्तांनी मान डोलावली.

वेंडेल आता वृद्धाश्रमात होता. निदान त्याच्या मनातली अढी तरी जावी, म्हणून देवदत्त त्याला भेटायला गेले. खिडकीशी खुर्चीत बसला होता, अंगाने अर्धा झालेला.

"मी कापताना पाहिलं," देवदत्त म्हणाले. "खरंच काही उरलं नव्हतं, वेंडेल."

"ठाऊक आहे."

"म्हणजे?"

"बॉयलर धुताना आरसा आत घालतो ना आपण? त्यात खड्डे दिसले होते मला. तू लाइनवर यायच्या आधीच." तो बाहेरच बघत होता. "वाटलं, माझ्यापुरतं टिकेल."

देवदत्तांच्या डोळ्यांपुढून सगळं सरकलं. ती सहा वर्षं, दर शनिवारी माणसांनी भरलेले डबे, खिडकीतून हात हलवणारी पोरं, आणि आगीसमोर हसत फावडं मारणारे ते स्वतः. म्हातारपणी त्यांना लाभलेलं एकमेव सुख, आणि ते या माणसाने जाणूनबुजून त्या पत्र्यावर उभं केलं होतं.

"मला सांगायचं होतंस," ते कसेबसे म्हणाले.

"सांगितलं असतं, तर तू तेव्हाच थांबवलं असतंस," वेंडेल म्हणाला. मग डोळे मिटून घेतले. "पुन्हा येऊ नकोस, डेव्ह. तुला बघितलं की ते सगळं आठवतं."

देवदत्त गाडीत येऊन बसले. सुलभाताई आत आल्या नव्हत्या. त्याला आवडेल न आवडेल, म्हणून गाडीतच थांबल्या होत्या.

"काय म्हणाला? राग गेला का?"

"गेला," देवदत्त म्हणाले आणि गाडी सुरू केली. तेव्हापासून डोंगराकडचा रस्ता त्यांनी धरला नाही. शनिवारी ते उशिरापर्यंत अंथरुणातच पडून असतात, आणि सुलभाताईही त्यांना उठवत नाहीत.