तिकिटाएवढी फट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझं तिच्यापासून काहीच लपत नाही, असं ती चारचौघांत अभिमानानं सांगत असते. मी आपला मान हलवतो. तुम्हाला सांगतोय ते बहुधा तुमची-माझी ओळख नाही म्हणूनच. राजुऱ्यात मला ‘दुर्बीणवाले मास्तर’ म्हणतात. त्या नावाचं मला अजूनही बरं वाटतं, हे आधीच कबूल करून टाकतो. पुढचं सगळं त्या बरं वाटण्यातूनच आलं.

दुर्बीण माझ्याच मागच्या खोलीत आहे. बारा इंचांच्या आरशाची, उभी केली की माझ्या डोक्याच्या वर जाणारी. पण ती उभी नसते, सुटी असते. खाली फिरणारी बैठक, तिच्यात बसणारा लाकडी डबा, डब्याच्या तळाशी आरसा, डब्यातून वर निघणाऱ्या आठ नळ्या, नळ्यांच्या टोकाला एक कडं आणि कड्यात तो लहान तिरपा आरसा. सगळं जोडायला मला आता पाऊण तास लागतो. पूर्वी आम्ही दोघं मिळून वीस मिनिटांत जोडायचो. दोघं म्हणजे मी आणि सोमा.

सोमाभाऊ सुतार. जातीनं नव्हे, हातानं. जिवतीच्या पहाडावरच्या एका गोंड गुड्यातला, म्हणजे छोट्या वस्तीतला, माणूस. तरुणपणी राजुऱ्यात उतरला आणि आमच्या गल्लीच्या टोकाला दारं-चौकटी करत बसला. मी आरसा घासायला घेतला तेव्हा तो माझ्या ओट्यावर येऊन नुसता बघत राहायचा. काचेवर काच, मध्ये पाणी आणि भुकटी, आणि मी लोखंडी ड्रमभोवती गोल-गोल फिरतोय — तेलघाणीच्या बैलासारखा. दोन वर्षं फिरलो. शाळा सुटल्यावर रोज. सोमानं एक दिवस विचारलं, ‘मास्तर, हे कायच्यासाठी करून राह्यले?’ मी म्हटलं, आकाश बघायला. तो म्हणाला, ‘नांगराखालचा धूर दिसंन का?’

नांगर म्हणजे मृग. त्या तीन ताऱ्यांना आणि खाली लोंबणाऱ्यांना त्याच्या गुड्यात नांगर म्हणतात. त्याची मोठी बहीण लच्चूबाई — आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं — लहानपणी त्याला अंगणात खाटेवर घेऊन दाखवायची, तो पाहा नांगर आणि त्याच्याखाली पाहा धूर. बाकी कुणाला तो धूर दिसायचा नाही. सगळे तिला हसायचे. आता, तिथे खरोखरच तेजोमेघ आहे! बाईची नजर काय असेल, विचार करा. मी सोमाला म्हटलं, दिसेल, आणि असा दिसेल की तुझी बहीण सगळ्या गुड्याला हसेल. त्या दिवसापासून डबा त्याचा झाला.

काय दिवस होते ते! त्याच्या गोठ्यात सहा वर्षं आढ्याला वाळत टांगून ठेवलेली सागाची फळी होती. मुलीच्या घराच्या दारासाठी राखलेली, ती त्यानं काढली. मी चित्र काढायचो, इंच-मिलिमीटर लिहायचो आणि तो ते चित्र बाजूला ठेवून आरशाकडेच बघत बसायचा. रंध्याचा आवाज, भुशाचा वास, बायकोनं दिलेला लाल चहा. भांडायचोही. मी पुस्तकातलं सांगायचो, तो लाकडातलं. बहुतेक वेळा लाकूड जिंकायचं, आणि मी दोन दिवस तोंड फुगवून बसायचो. असा मित्र मला आधी नव्हता, नंतरही झाला नाही.

सोमाची एक रीत होती. दार बसवताना तो चौकटीत आणि दारात एसटीचं जुनं तिकीट सरकवून पाहायचा. तिकीट अडलं तर रंधा मारायचा, गळून पडलं तर नवी पट्टी लावायचा. सहज सरकलं पाहिजे, पण पडता कामा नये. त्याच्या पिशवीत तिकिटांची गड्डीच असायची, राजुरा–चंद्रपूर, राजुरा–कोरपना. ‘लाकडाले श्वास लागते,’ म्हणायचा. आमच्याकडच्या पावसाळ्यात निम्म्या गावाची दारं फुगून अडतात. सोमानं बसवलेलं दार कधी अडलं नाही. तीच त्याची सगळी कमाई होती, लोक त्याला त्यासाठीच बोलवायचे.

आरसा डब्यात बसवला तेव्हाही त्यानं तिकीटच काढलं. आरसा पुढं कलंडू नये म्हणून कडेला तीन चाप असतात. प्रत्येक चाप आणि काच यांच्यामध्ये त्यानं तिकीट सरकवलं, मग पेच थांबवला. मला म्हणाला, ‘मास्तर, हे आवळू नोका. काचेलेबी श्वास लागते.’ हे मला पुस्तकातूनही ठाऊक होतं. चाप आवळले की काच दबते आणि तारा गोल दिसायचा तो तीन टोकांचा दिसतो. मीच त्याला ते समजावलं होतं. तो म्हणाला होता, माहीत आहे.

मग फेब्रुवारीत दुर्बीण पहाडावर न्यायचं ठरलं. पहिलं दर्शन लच्चूबाईला, हा सोमाचा हट्ट. चंद्रपूरहून चार हौशी मंडळीही येणार होती. त्यात एक डॉक्टर होते, आकाशाचे मोठे जाणकार, आणि त्यांनी माझ्या आरशाचं कौतुक केलं तर — तर काय? काही नाही. पण मी पंधरा दिवस त्या कौतुकाची वाट पाहत होतो. जीपमध्ये डबा चढवला. कोरपन्याकडचा रस्ता सिमेंटच्या ट्रकांनी उखडून टाकलेला. प्रत्येक खड्ड्याला माझा जीव वर-खाली होत होता. एका टपरीवर थांबलो. सोमा तंबाखू मळत पलीकडं गेला. मी झाकण उघडलं, पेचकस काढला आणि तिन्ही चाप आवळले. चांगले आवळले. वाटलं, पोहोचल्यावर सैल करू. झाकण लावलं, पेचकस खिशात टाकला. सोमाला सांगितलं नाही, कारण तो रागावला असता.

पोहोचलो तर अख्खा गुडा शाळेच्या पटांगणात. कुणी नारळ आणलेला, कुणी खाट. सूर्य बुडता-बुडता आम्ही बैठक ठेवली, डबा ठेवला, आठ नळ्या लावल्या, कडं चढवलं, काळं कापड गुंडाळलं. सोमा आज नवा सदरा घालून आला होता आणि प्रत्येक म्हाताऱ्याला डब्याचे कोपरे हात लावून दाखवत होता. त्या गडबडीत मी चाप विसरलो. हे विसरणं खरं आहे. एवढ्यावरच थांबलं असतं तर हा कागद लिहायची वेळ आली नसती.

अंधार पडला. आधी तपासायला म्हणून दुर्बीण व्याधावर लावली. डॉक्टरांनी डोळा लावला. मग म्हणाले, ‘सर, काहीतरी गडबड आहे. आरसा नीट घासला गेलाय ना?’

आणि मी — डोळा लावून न पाहता, श्वासही न घेता — म्हणालो, ‘आरशाचं काही नाही हो. सुतारकाम आहे. डबा पिळवटलाय.’

मोठ्यानं म्हणालो. सगळ्यांना ऐकू गेलं. सोमा दोन हातांच्या अंतरावर उभा होता.

मग मी पाहिलं. तीन टोकांचा तारा. तीन टोकं, तीन चाप. त्याच क्षणी कळलं. पेचकस खिशात होता, मांडीला टोचत होता. तिन्ही पेच अर्धा-अर्धा फेरा सैल करायचे, एवढंच काम. एक मिनिट लागलं असतं. ‘अरेच्चा, माझीच चूक,’ म्हणून हसलो असतो तर सगळे हसले असते, सोमा सगळ्यात जास्त. मग का नाही केलं? बारा वर्षं झाली, मी हे स्वतःला विचारतोय. बोललेलं परत घ्यायची लाज वाटली. डॉक्टरांसमोर. त्या डॉक्टरांचा चेहराही आता मला धड आठवत नाही.

लच्चूबाईला पुढं आणलं. तिनं पाहिलं, सोमाकडं वळली आणि म्हणाली, ‘चांदणी फाटून गेली रे तुया डब्यात.’ लोक हसले. नांगराखालचा धूर पाहायला कुणी थांबलं नाही. सोमा एकेका कोपऱ्यावरून बोट फिरवत होता, अंधारात, शोधत होता. शेवटी माझ्याजवळ आला आणि म्हणाला, ‘मास्तर, चुकलं माया हातून. दुसरा करून देतो.’ मी म्हटलं, होतं असं. माझ्या तोंडून हेच निघालं — होतं असं.

महिन्याभरात त्यानं दुसरा डबा केला. माझ्या ओट्यावर आणून ठेवला. मी एकटा असताना आरसा बसवला आणि चापांमध्ये तिकीट सरकवून फट ठेवली. संध्याकाळी तारा गोल, टाचणीच्या टोकाएवढा. सोमा बघून म्हणाला, ‘म्हंजे पयल्यातच खोट होती.’ डॉक्टरही पुढं चंद्रपूरहून आले, बघून गेले, आरशाचं तोंडभर कौतुक केलं. मी ते घेतलं.

पण गुड्यानं हे पाहिलं नव्हतं. तिथं फाटकी चांदणीच राहिली. कुणाचं दार अडलं, कुणाच्या बैलगाडीचं जू वाकडं बसलं की म्हणायचे, ‘सोमाचा डबा झाला.’ थट्टाच, वाईट हेतू कुणाचा नव्हता. सोमा वर्षातून दोन-तीनदा म्हणायचा, मास्तर, एकदा पहाडावर नेऊ ना, बाईले धूर दाखवू. मी म्हणायचो, नेऊ की. कधी जीप नसायची, कधी माझा गुडघा दुखायचा, कधी ढग असायचे. ढग नसतानाही असायचे. मला भीती होती की तिथं कुणीतरी विचारेल, मास्तर, तेव्हा नेमकं काय बिघडलं होतं? दोन वर्षांनी लच्चूबाई गेली, धूर न पाहता. म्हणजे साध्या डोळ्यांनी पाहिलेलाच घेऊन गेली.

आणि सोमाचा हात बदलला. हे सांगायला मला सगळ्यात जड जातं. जो माणूस डोळ्यानं माप घ्यायचा, तो टेप तीनदा लावायला लागला. पोरीच्या नवऱ्याला बोलावून विचारायचा, बग बरं, सरळ आहे का. दारं-चौकटींची कामं त्यानं हळूहळू सोडली. शेवटी फक्त कुऱ्हाडीचे, फावड्याचे दांडे करायचा. लोक म्हणायचे वय झालं. मीही म्हणायचो.

पहिला डबा त्यानं फोडला नव्हता. अंगणात कोंबड्यांचं खुराडं केलं होतं त्याचं. उन्हात, पावसात पडून असायचा.

तीन वर्षांपूर्वी सोमा अंथरुणाला खिळला. दुपारी मी जाऊन बसायचो. त्याची खाट पडवीत होती आणि समोर ते खुराडं. इतके पावसाळे खाऊनही त्याचा एक कोपरा उकलला नव्हता. चारही कडा काटकोनात. मी नेहमी त्याच्याकडं पाठ करून बसायचो.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. तो बराच वेळ खुराड्याकडं बघत होता. मग म्हणाला, ‘मास्तर, खरं सांगा. त्या पयल्या डब्यात मी कुठी चुकलो होतो? मले अजून सापडून नाई राह्यलं.’

बघा — डॉक्टर नव्हते. गुडा नव्हता. ऐकायला कोंबड्यांशिवाय कुणी नव्हतं. लाजायचं कुणापुढं? त्यानं मला दार उघडून दिलं होतं, त्याच्या पद्धतीनं, सहज सरकेल असं. मी म्हणालो, ‘तुझं काही चुकलं नव्हतं, सोमाभाऊ. लाकूड जरा ओलं होतं.’



‘सहा वर्षं वाळवलं होतं,’ म्हणाला. मग थोड्या वेळानं, अगदी हळू, ‘नसंन वाळलं मंग.’

आठ दिवसांनी तो गेला. आताही दुर्बीण जोडताना मी तिन्ही चापांमध्ये त्याचंच एक जुनं तिकीट सरकवून पाहतो. राजुरा–कोरपना. ते सरकतं.

लाकूड वाळलेलं होतं.