पानावरचं हळदीकुंकू

आमच्या गल्लीतलं छोटं वाचनालय मी सांभाळते. काल नववीतली रेश्मा कादंबरी परत द्यायला आली, पण पुस्तक काही मला उघडू देईना. "आजी, वाचनालयातून माझं नाव काढून टाकाल का?" एवढंच विचारत राहिली. उघडलं तर पानावर हळदीचा अंगठा. तो जावा म्हणून पोरीनं साबण चोळलेला, त्यामुळं डाग कुंकवासारखा लाल झालेला. हळदीला साबण लावू नये हे जुन्या हातांना ठाऊक असतं. हिच्या हाती तर आई अंथरुणाला खिळली तेव्हापासून, तीनच महिने, स्वयंपाक आहे.

कादंबरीतली मुलगीही अशीच, आजारी आईचं सगळं करून शाळा न सोडणारी. ती परीक्षेला निघते, नेमक्या त्याच पानावर डाग.

"तिथं पुस्तक खाली ठेववेना, आजी. भाजी करपली."

मी सातवीत चुलीपुढं बसले ती बसलेच, पुस्तक सुटलं. हिनं एका हातात पळी धरली, तरी दुसऱ्यातलं पुस्तक सोडलं नाही. मला बाई फार अभिमान वाटला. नाव कसलं काढतेय? दुसरी कादंबरी दिली आणि म्हटलं, "हिलाही हळद लागू दे. साबण तेवढा लावू नकोस."