उठला तो बाद

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी नागपुरात मेथी निवडत बसले होते. "बेबी, बाबा गेले वं… चहा मांगितला अन् कप हातात घ्यायच्या आधीच गेले." नव्वदी पार केलेले तिचे बाबा, आमचे लहानूकाका, कधीतरी जाणारच होते. तरी मी बावळटासारखी विचारते काय, तर "मग चहा?" महिना उलटला, माझा गोंधळ काही सरलेला नाही.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा सेक्टर दोनमध्ये आमची क्वार्टरं शेजारीशेजारी होती. काका प्लांटमध्ये फिटर. ओळीत कोणी बंगाली, कोणी पंजाबी, कोणी केरळचे. माझे पाय पोलिओनं गेलेले, म्हणून पोरं मैदानात आणि मी ओट्यावर. एका सुट्टीला काका चिंध्यांचा चेंडू घेऊन ओट्यावर आले. मला म्हणाले, "बंगालातला खेळ हाय, चाल. सारे खाली बसूनच खेळतेत. हातानं सरकाचं, चेंडू दोन विटांमधून काढाचा. उठला तो बाद!" मग दारोदार जाऊन एकेका पोराला बोलावलं, सगळ्यांच्या बुडाला बारदान बांधलं आणि मला मुरमावर नेऊन बसवलं. सरकण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. धिप्पाड लखबीरला मी पहिल्याच दिवशी रडवलं. आया कपड्यांवरून ओरडायच्या, पण खेळ वर्षानुवर्षं चालला. कुठला का असेना, खेळ मिळाल्यावर पोरं चौकशी कशाला करतात?

काकांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला भिलाईला गेले. काकांच्या खोलीत सतरंजीवर आम्ही सगळी म्हातारी पोरं. मी तपनला म्हटलं, "तुमचा तो बंगाली खेळ…" तर तो चाट पडला. "हमारा? काका ने तो पंजाब का बताया था." लखबीर म्हणाला, "मुझे तो बोले थे केरल का है." सुनंदा डोळे पुसत हसली. "कोठचाच नाही. बाबानंच काढला होता, बेबीसाठी. एकट्या आईले ठाऊक होतं, तिनं मले मागून सांगितलं."

म्हणजे माझं सगळं जिंकणं दयेचं होतं? मी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, तर सगळेच माझ्याइतके बावचळलेले. लखबीर तर चिडलाच, "मतलब मैं सचमुच हारता था!" मला हसू आलं, मग रडू आलं… काकांनी मला तरी सांगायचं होतं. की सांगितलं नाही तेच बरं केलं? त्यांचा राग येतो, आणि तो काढायला तेच हवे होते असंही वाटतं. काही ठरत नाही.

"चला, जेवून घ्या," सुनंदानं हाक मारली. मी भिंतीला टेकवलेल्या कुबड्यांकडे हात नेला. लखबीर गुडघ्यावर हात ठेवून उठू लागला, तर तपननं त्याचा सदरा ओढला. "जो उठा, वो आउट."

लखबीर मुकाट्यानं खाली बसला. मीही हात मागे घेतला. आत जेवण निवत होतं… कोणीच उठलं नाही.