कर्ण्यात न मावलेला हात

शेजारच्या सुभेदारांच्या खोलीत रेकॉर्ड संपल्याशिवाय बोलायचं नाही. आधी सगळी ऐकायची, मग मत द्यायचं, हा त्यांचा नियम. माझी सवय उलटी. मी चाळीसेक वर्षं लग्नात, जत्रेत, बारशात स्पीकर लावले. गाण्याची पहिली ओळ पुरी व्हायच्या आत माझं मत तयार असायचं आणि कुणी विचारलं नाही तरी मी ते सांगायचो. शाळा चौथीपर्यंत, तीसुद्धा धड नाही. पण बेळगावपासून निपाणीपर्यंत कुठल्या मांडवात काय वाजवायचं हे लोक मला विचारून ठरवायचे. अन् दिलेलं मत मी कधी मागं घेतलं नाही. घ्यायची वेळच आली नाही, असं मला वाटत होतं.

त्यातलं एक मत गुंजी गावातल्या एका पखवाज वाजवणाऱ्याबद्दल होतं. ते मागं घ्यायचं की नाही यावरून यंदा मी स्वतःशी बरंच भांडलो. त्याचीच ही हकिगत आहे.

गुंजीला सप्ताह असला की स्पीकर माझा असायचा. देवळाच्या शिखराजवळ एक कर्णा, एक शाळेच्या बाजूला. तिथल्या भजनात एक आप्पा पखवाज वाजवायचा. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, भातशेती करणारा, बोलायला कडू आणि वाजवायला असा की समोर बसलेल्याच्या पोटात घुमावं. डाव्या तोंडाला ओली कणीक थापून तो पहिला हात टाकायचा तेव्हा देवळाची फरशी बोलते की काय असं वाटायचं. आमचं जमलं होतं. सप्ताहाचे सात दिवस मी त्याच्याच घरी जेवायचो.

एका वर्षी गावानं त्याच्या भजनी मंडळाला बेळगावात नेऊन कॅसेट काढली. ती पहिल्यांदा वाजवायची ती देवळातच, काल्याच्या दिवशी, माझ्या मशीनवर. सारा गाव जमला. पहिली बाजू संपेपर्यंत मी कर्ण्याखाली उभा होतो. टाळ ऐकू येत होते, आवाज स्वच्छ होता, आप्पाच्या उजव्या हाताची चाटी टणटणीत वाजत होती. डावा हात मात्र कुठंच नाही. मी आत गेलो, मशीन थांबवलं, माईक हातात घेतला आणि म्हणालो, "गाणं चांगलं झालंय. पण आमच्या आप्पाचा डावा हात माईक बघून लटपटलाय. समोर बसून वाजवणारा येगळा आणि हा येगळा."

लोक हसले. दुसरी बाजू मी लावलीच नाही. खरं बोलायला कुणाला भ्यायचं, ही माझी घमेंड. आप्पानं त्या दिवशी मला जेवायला बोलावलं नाही. पुढच्या वर्षी सप्ताहाला स्पीकर दुसऱ्याचा होता.

त्यानंतर डीजे आले, भिंतीएवढ्या पेट्या आल्या. ती छातीतली धडधड मला सोसायची नाही. ती गाण्यातली नसते, मशीन आपल्या पदरची घालतं, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. मग धंदा बंद केला, कर्णे माळ्यावर टाकले आणि बेळगावजवळ हिंडलग्याला मुलाकडं राहायला आलो.

तिथं शेजारी हे सुभेदार. मूळचे निपाणीकडचे. पलटणीच्या बँडमध्ये सगळ्यात मोठा पितळी बाजा, अंगाभोवती गुंडाळून घ्यायचा असतो तो, फुंकण्यात त्यांची नोकरी गेली. निवृत्तीनंतर त्यांनी एक खोली फक्त ऐकण्यासाठी ठेवली आहे. दोन लाकडी पेट्या, कंबरेएवढ्या. कपाटभर रेकॉर्डी, लष्करी कॅम्पातली घरं सोडून जाणाऱ्या लोकांनी दिलेल्या. पहिल्या दिवशी मी त्यांना म्हणालो, "आमी लई ऐकलंय सुभेदार. आमाला काय ऐकिवणार?" ते म्हणाले, "बसा तर खरं."

त्यांनी लावली ती एका वयस्क गायिकेची ख्यालाची रेकॉर्ड. पुठ्ठ्यावर जांभळ्या साडीतली बाई, डोळे मिटलेले. असली रेकॉर्ड मी आयुष्यात दोनदाच लावली असेन, एका वकिलाच्या मुलीच्या लग्नात आणि एका मास्तरांच्या सत्काराला. दोन्ही वेळा पाच मिनिटांत सुई उचलली होती. बाई गातच नाही, नुसती घुटमळते, असं माझं मत होतं. इथं उठता येईना. तानपुरा सुरू झाला आणि त्याच्या तीन तारांनंतर चौथी तार आली. खाली, लांब, विहिरीच्या तळातून आल्यासारखी. ती तार मी कधी ऐकलेली नव्हती. मग तबल्याच्या डग्ग्यावर मनगट घासत गेलं आणि माझ्या खुर्चीचा हात थरथरला. बाई घुटमळत नव्हती. ती त्या खालच्या तारेवर पाय ठेवून एकेक पायरी चढत होती, आणि मी आजवर पायऱ्या नसलेला जिना बघून तिला नावं ठेवत होतो.

रेकॉर्ड संपली. मी म्हणालो, "तुमच्या पेट्या आवाज वाढवून दावत्यात."

"वाढवत न्हायत आण्णा. हाय तेवढाच देत्यात."

"मग आमाला कसा ऐकू आला न्हाय इतकी वर्सं?"

"तुमचा कर्णा तो गिळतोय. खालचा सूर त्याला पेलतच न्हाय. आमच्या बँडचं रेकॉर्डिंग कर्ण्यावर लावलं की माझा बाजा गायब. घरची विचारायची, तुमी त्या दिवशी रजेवर हुता काय?"

मला राग आला. चाळीस वर्षं ज्या वस्तूवर मी पोट भरलं तिला हा माणूस गिळणारी म्हणतो. चार दिवस गेलो नाही. पाचव्या दिवशी माळ्यावरून कर्णा काढला, पुसला, खांद्यावर टाकून त्यांच्या दारात गेलो आणि म्हटलं, जोडा. त्यांनी तीच रेकॉर्ड एकदा पेट्यांवर आणि एकदा कर्ण्यावर लावली. मी चार वेळा अदलाबदल करायला लावली. कर्ण्यावर चौथी तार नव्हती. डग्गा नव्हता. बाई घुटमळत होती.

तिथून मी रोज दुपारी जायला लागलो. जे ऐकलं ते सगळं लिहीत बसणार नाही, पण काही सांगितल्याशिवाय राहवत नाही. मला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून पुठ्ठ्यावरची चित्रं सांगतो.

पुठ्ठ्यावर नुसता एक खांब आणि त्यावर पडलेलं ऊन, अशी एक रेकॉर्ड आहे. ती चर्चमधल्या मोठ्या पेटीची, ऑर्गनची. कॅम्पातल्या चर्चपुढून मी हजार वेळा गेलो असेन, आतून असला आवाज येतो हे माहीत नव्हतं. शेवटाला तो वाजवणारा पायानं खालची पट्टी दाबतो. दाबतो आणि सोडतच नाही. मला वाटलं जमीन श्वास घेते आहे. मी बायकोला सांगायला घरी गेलो तर सांगता येईना, नुसताच हात खाली-वर करत राहिलो.

निळ्या धुरातल्या तीन माणसांची एक रेकॉर्ड आहे. त्यातला एकजण दाराच्या फळीएवढी सारंगी उभी धरून बोटांनी ओढतो. बाकीचे दोघं वाटेल तिकडं जातात, हा चालत राहतो. दुसऱ्याला हरवू न देता स्वतः मागं राहायचं, हे मला आयुष्यात जमलं नाही. तो माणूस तेच करतो आणि थकत नाही.

कव्वाली मला आधीपासून आवडायची, ते मत तेच ठेवलंय. टाळी कर्ण्यातूनही पोचते, पेटीतूनही. लावणीचंही तेच. ढोलकीची थाप आणि बाईचा चढा आवाज कर्ण्यातून चार मैलांवरच्या माणसाला जसा उठवून बसवतो तसा सुभेदारांच्या पेट्यांतून येत नाही. त्यांना हे पटत नाही. न पटू दे.

केस वाढवलेल्या चौघांच्या गिटारींचा आरडाओरडा मी तीनदा पूर्ण ऐकला आणि तीनदा डोकं धरलं. एका कन्नड संतवचनांच्या रेकॉर्डमध्ये मात्र बाई इतकं हळू गाते की शब्द आपणच पुढं होऊन घ्यावा लागतो. बाजारातली आमची कन्नड आणि ही कन्नड एकच आहे यावर विश्वास बसेना. सुभेदारांच्या सुनेनं एकदा फोनवरचं आजकालच्या पोरांचं काहीतरी पेटीला जोडलं. ती पोरं गात नाहीत, तावातावानं बोलतात. मी म्हणालो, हा तर डफ नसलेला शाहीर आहे. ती हसली, पण मी थट्टेनं म्हणालो नव्हतो. खालून येणारी ती धडधड या वेळी मला नीट कळली. ती मशीनची नव्हती, पोरांची होती.

आणि त्याच दुपारी मला आप्पा आठवला.

त्याची ती कॅसेट माझ्या ट्रंकेत पडून होती. सुभेदारांनी आतली फीत तपासली, एका ठिकाणी चिकटलेली सोडवली आणि लावली. टाळ आले, पहिला अभंग आला आणि त्याखालून डावा हात आला. भरलेला, ओला, प्रत्येक समेवर न चुकता. कुठं लटपट नाही. तो इतकी वर्षं त्या फितीत वाजत होता. मी उठून पेटीच्या जाळीवर तळवा ठेवला. जाळी आतून ढकलत होती.

घरी येऊन मी कॅसेट हातात धरून बसलो. बायकोनं विचारलं म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "मग जावा की गुंजीला."

"जाऊन काय सांगू?"

"चुकलो म्हणून सांगा."

"इतक्या वर्सांनी?"

"अहो, लोकांच्या मांडवात दिसभर वरडत हुता तवा लाज वाटली न्हाय. आता एका शब्दाला वाटती व्हय?"

तरी माझे दोन आठवडे गेले. चूक माझी नाही, कर्ण्याची आहे, असंही स्वतःला सांगून बघितलं. पण माईकवर कर्णा बोलला नव्हता. शेवटी एका सकाळी पॅसेंजर धरून गुंजीला उतरलो.

आप्पा अंगणात बांबूच्या बुट्टीचा काठ विणत बसला होता. मान वर करून बघितलं, ओळखलं, पुन्हा मान खाली.

"अजून हाईस व्हय?"

"हाय."

"हितं कुणाचं लगीन न्हाय. स्पीकर कुटं लावणार?"

"तुझ्या कॅसेटचं बोलायला आलोय."

त्याचे हात थांबले. मला वाटलं आता शिवी येणार, आणि ती घ्यायची तयारी करूनच मी आलो होतो. पण तो शांतपणे म्हणाला, "त्यात आता काय बोलायचं ऱ्हायलंय रं. हात लटपटला माझा. तू खरंच बोललातास."

मी उभा होतो तो खाली बसलो.

"तू ऐकलीस ती नंतर?"

"ऐकली की. देवळात तुझ्या कर्ण्यावर ऐकली. मग जावयाच्या चिमुकल्या टेपवर तेवढीच बाजू ऐकली. डावा हात न्हायच. दोनदा बोलावणं आलंतं बेळगावास्नं, परत कॅसेट काढूया म्हणून. न्हाय गेलो. माईक बघून हात मरत असंल तर कशाला जायचं?"

तो माझ्यावर रुसून बसला आहे असं मी धरून चाललो होतो. त्यानं माझं म्हणणं खरं मानलं असेल हे कधी मनात आलं नव्हतं. भर देवळात बोललेलं माझं एक वाक्य हा माणूस स्वतःच्या हातापेक्षा खरं समजून जगला. मी त्याला कर्ण्याचं सगळं सांगितलं. त्याला पटलं नाही. "तू माझी समजूत काढायला आलाईस," म्हणाला.

"मी कुणाची समजूत काढलीया कधी?"

"ते बी खरं हाय," तो म्हणाला आणि आत टोपी आणायला गेला.

दुसऱ्या दिवशी सुभेदारांच्या खोलीत आप्पा खुर्चीवर बसेना, पेटीपुढं जमिनीवर बसला. कॅसेट लागली. पहिल्या समेला त्याचा डावा हात आपोआप मांडीवर पडला आणि मग थांबला नाही. पुढच्या अभंगांत तो कॅसेटमधल्या हाताच्या अर्धा क्षण आधीच पडू लागला, कुठं काय येणार हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या चेहऱ्याकडं मला बघवेना, मी भिंतीकडं बघत बसलो. पहिली बाजू संपली. कुणी सांगायच्या आधीच सुभेदारांनी कॅसेट उलटी केली. ती दुसरी बाजू आम्ही दोघांनीही तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

संपल्यावर आप्पा म्हणाला, "तिसऱ्या अभंगाला मी लयीत पळालोय जरा."

सुभेदार म्हणाले, "जरासं."

"पण हात हाय."

"हाय," मी म्हणालो. "मी चुकलो आप्पा."

तो माझ्याकडं वळला. "तू माईकवरनं बोललातास. आता बंद खोलीत सांगतोस व्हय?"

एकादशीला गुंजीच्या देवळात भजन होतं. मी माईक घेतला. म्हणालो, फार वर्षांमागं याच जागेवर मी आप्पाचा डावा हात लटपटला म्हणालो होतो, ते खोटं होतं, हात भक्कम होता, माझा कर्णा आणि मी दोघंही कमी पडलो. बसलेल्यांतल्या निम्म्यांना मी कोण हेच माहीत नव्हतं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी मात्र मोठ्यानं म्हणाली, "एवढं सांगायला म्हातारा व्हायला लागतं काय रं?" लोक हसले, आप्पा सगळ्यात जास्त.

मग त्यानं कणीक थापली आणि सुरू केलं. मी धंद्याच्या सवयीनं आवाज बघायला बाहेर गेलो. शिखराजवळचा कर्णा दुसऱ्या कुणाचा होता, पण होता कर्णाच. शेताच्या बांधापर्यंत चालत गेलो. टाळ येत होते, उजवी चाटी येत होती. एवढंच. बांधावरच्या माणसाला आप्पा इतकाच कळत असणार, आणि तो माणूस सगळं ऐकल्यासारखा मान डोलवत होता. मी परत फिरलो, चपला काढल्या, माणसांतून वाट काढत पुढं गेलो आणि पखवाजाच्या डाव्या तोंडाला गुडघा लागेल एवढ्या जवळ बसलो.