गव्हाची व्हिस्की आणि बाबांचं पाणी

मी अमेरिकेला निघालो तेव्हा बाबांची पिठाची गिरणी चालूच होती. दारात जीप उभी, आई बॅगेत कुरडयांचा डबा कोंबतेय, आणि बाबा काही पट्टा थांबवेनात. शेवटी पिठाने माखलेला हात त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला आणि त्या घरघराटात ओरडून सांगितलं, “बाटलीपासून लांब राहा.” त्यांचे धाकटे भाऊ, आमचे नानाकाका, दारूपायी नुकतेच गेले होते. मी पांढऱ्या डोक्याने विमानात बसलो.

लांब राहिलो की. स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या विद्यापीठात केमिकल इंजिनिअरिंग केलं आणि आता केंटकीत बर्बन, म्हणजे मक्याची व्हिस्की, गाळणाऱ्या एका डिस्टिलरीत आंबवणीचा विभाग सांभाळतो. तिकडे कॉलेजच्या गावीच राहिलेल्या मित्रांनो, हसू नका. आणि कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी अ‍ॅशबर्नला गेलेल्यांनो, क्लाउडमध्ये तुम्ही नेमकं काय करता, हे तुमच्या आईला तरी कुठे कळलंय?

नोकरी लागली त्याच दिवशी मी बाबांना फोनवर सांगून टाकलं. पलीकडे गिरणी थांबल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, “तुझ्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही.” एका शब्दावरून सख्ख्या बहिणीशी अबोला धरलेला माणूस तो. या घरात पाऊल टाकायलाच त्यांनी इतकी वर्षं घेतली, आणि यंदा आले तेही आईच्या हट्टापायी. आल्या आल्या स्वतःच्या पैशांनी दुकानातून पाण्याच्या बाटल्या आणल्या आणि पलंगाशेजारी रचल्या. वरणातलं पाणी त्यांनी हिशेबात धरलं नव्हतं. मीही आठवण करून दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किचनमध्ये गेलो, तर आई बाबांची रिकामी बाटली नळाखाली भरत होती. मी बघतच राहिलो. “महिनोन्‌महिने भरून ठेवलेलं हे विकतचं पाणी रोज पोटात गेलं तर आजारी पडतील,” ती कुजबुजली, “तू काही बघितलं नाहीस.” झालं. त्या क्षणापासून माझं ब्लडप्रेशर त्या बाटलीच्या झाकणावर. कळलं असतं तर बाबांनी त्याच दुपारी फ्लाइट चेंज करायला लावली असती, आणि पुन्हा कधी आले नसते.

अशात आईने डिस्टिलरी बघायचं काढलं. बाबा तिला सोबत म्हणून निघाले, बगलेत बाटली. आंबवणीच्या दालनाच्या दाराशी ते थांबले, आई मात्र थेट टाकीवर वाकली. “अहो, कुरडयांच्या गव्हाचा वास!” तीन दिवस भिजवलेल्या, आंबूस गव्हाचा तो वास तिला नाकाने ओळखता आला, आणि मला एकदम चेव चढला. इतर बर्बनमध्ये मक्यासोबत राय नावाचं धान्य घालतात, म्हणून ती जिभेला मिरीसारखी झोंबते. आम्ही रायऐवजी गहू घालतो, म्हणून आमची मऊ. मका आधी कडक शिजवायचा, आच उतरल्यावरच गहू सोडायचा. कालच्या घाण्यातलं आंबट पाणी आजच्यात, विरजणासारखं. मग आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात वर्षानुवर्षं गप्प बसायचं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. “आणि याने घरं मोडतात, ते माहीत आहे ना?”

माझा सगळा चेव उतरला. “माहीत आहे, बाबा.”

गप्प राहवेना, म्हणून मी पाण्यावर घसरलो. इथलं पाणी चुनखडीच्या दगडातून येतं, त्यात लोखंड नसतं, लोखंडाने व्हिस्की काळवंडते. चव किंचित गोड, आपल्या घरी नळालाही हेच—

आईने दंडाला असा चिमटा काढला की पुढचा शब्द घशातच राहिला. बाबांनी बगलेतली बाटली समोर धरली. तिच्याकडे पाहिलं, आईकडे, माझ्याकडे. टाक्यांवरच्या मोटारींची घरघर तेवढी चालू होती, गिरणीसारखी. त्यांनी झाकण फिरवलं, डोकं मागे टाकलं आणि सावकाश दोन घोट घेतले.

“गोडच आहे,” ते म्हणाले. “पहिल्याच घोटाला कळलं होतं. विकतच्या पाण्याला कुठली असली चव?”

“मग बोलला का नाहीत?” आई.

“बोललो असतो तर परत जावं लागलं असतं.”

माझ्या व्हिस्कीबद्दल त्यांनी चांगला शब्द काढला नाही. आजही काढत नाहीत, आणि नानाकाकांची आठवण ठेवून मी तो मागतही नाही. पण त्या दिवशी घरी आल्यावर ते डायनिंग टेबलाशी बसले, बाटली बाजूला सारली आणि म्हणाले, “भांड्यातून पाणी दे.”

लोक विचारतात, घर कुठलं? पूर्वी मी सांगली म्हणायचो आणि खिडकीबाहेर बघायचो. आता सिंकशेजारी बाबांचं ते स्टीलचं भांडं उपडं असतं, दुसरं कुणी ते वापरत नाही. बाबा पुढच्या वर्षी येणार आहेत.