मनोऱ्यावरची सोयरीक

माझं लग्न जमिनीपासून तीस फूट उंचावर जमलं.

तेव्हा मी जिंतूरला जंगल खात्यात कारकून होतो. पेडगावचे मामा, म्हणजे होऊ घातलेले सासरे, मुलीला सोबत घेऊनच मला बघायला आले. पोरगा नुसता कागद खरडतो, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. (खरंच होतं. जंगल मी फायलीतच पाहिलेलं!) पण त्यांची सुमन मला बघताक्षणी आवडली. मग काय, टेरिकॉटचा शर्ट झटकून मी म्हणालो, चला, जंगलातल्या मनोऱ्यावरून तुम्हाला रोही, म्हणजे नीलगाई, दाखवतो.

मनोरा म्हणजे उभी लोखंडी शिडी आणि वर फळ्यांची खोली. मामा सरसर चढले, मागोमाग सुमन. मी शिडीकडेच बघत कसाबसा वर पोचलो. वर पोचल्यावरही शिडीचा दांडा हातातून सुटेना. तरी ऐटीत बजावलं, आता कुणी आवाज करायचा नाही.

अर्ध्या तासानं पाच रोही पाणवठ्यावर आल्या. मी बोट दाखवलं आणि तिथंच घात झाला. मामांचा जन्म ज्वारीच्या रानात माळ्यावर बसून पीक राखण्यात गेलेला. आपण उंचावर, खाली रोही, म्हटल्यावर हात थांबतो होय?

"हाऽऽ हुर्रर्र!"

डोक्याचा रुमाल सोडून त्यांनी गोफण केली. दगड नव्हता, म्हणून माझ्या आईनं डब्यात दिलेला शेंगदाण्याचा लाडू भिरकावला. रोही पसार झाल्या. लाडू मात्र फुटला नाही.

मामांना आवरायला मी कठड्याशी धावलो, पहिल्यांदाच खाली पाहिलं आणि मटकन बसलो. डोकं गरगरायला लागलं. दोघं खाली उतरले तरी मला उठवेना. सोयरीक मोडल्यात जमा होती, आणि हे मला वरून स्वच्छ दिसत होतं.

मामा खालून बराच वेळ बघत राहिले. मग सुमनला म्हणाले, "पोरगं लय चांगलं हाय. आपण निघालो तरी माळा सोडंना. राखणीला असाच माणूस लागतो."

सुमनला मात्र सगळं कळलं होतं. डबा राहिला म्हणून ती परत वर आली आणि हळूच म्हणाली, "खाली बघू नका. माज्याकडं बघा आन् एकेक पाय टाका."

असा मी उतरलो, थेट बोहल्यावर.

मामा आजही चारचौघांत जावयाच्या राखणीचं कौतुक सांगतात. सुमन तोंडाला पदर लावते आणि मी मुकाट्यानं खाली बघतो. (जमिनीवर असलो की तेवढं जमतं!)